जुना कॅमेरा घ्यायचाय की विकायचाय? भाव कशावर ठरतो, आधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : लगीनसराई आटोपते, १ जुलैपासून ताडोबाच्या कोअरची सफारी तीन महिन्यांसाठी बंद होते आणि मग जुने कॅमेरे विकायचा विषय निघतो. स्टुडिओवाल्याला पुढच्या हंगामाआधी नवा सेट पाहिजे असतो. सफारीत फोटो काढणाऱ्याला बॉडी बदलायची असते. घेणारा बरेचदा गावातलाच पोरगा असतो. हातात तेंदूपत्त्याचे नाहीतर धानाच्या चुकाऱ्याचे पैसे असतात आणि बारसे, वाढदिवस, साक्षगंधाच्या ऑर्डरी घेऊन धंदा उभा करायचा असतो. त्याचे वीस-तीस हजार चुकीच्या डब्यात गेले, तर हंगाम तर जातोच, वरून कर्जही बसते.

सौदा सुरू होतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याने : "घेतला तेव्हा साठ मोजले होते भाऊ, तीसच्या खाली देणार नाही." खरे सांगायचे तर तुम्ही किती मोजले होते, याच्याशी बाजाराला काही घेणेदेणे नसते. जुन्याचा भाव आजच्या नव्याच्या भावाला बांधलेला असतो.

याचे एक चांगले उदाहरण आहे. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५० हजार धरली, तर आदल्या दिवशी ६४ हजारांना पडणारा कॅमेरा दुसऱ्या दिवशी ५९ हजारांचा झाला. ज्यांच्या घरी तोच कॅमेरा पेटीत पडून होता, त्यांचाही भाव त्या दिवशी उतरला. त्यांनी एक बटण दाबले नव्हते तरी! म्हणून मोबाइलवर आधी आजची नवी किंमत बघा. ते मॉडेल बंद झाले असेल, तर त्याच कामाचे दुसरे नवे मॉडेल केवढ्याला मिळते ते बघा. बोलणी तिथून खाली सुरू होतात.

बॉडी उतरते, लेन्स टिकते

बॉडी म्हणजे एक प्रकारचा कॉम्प्युटरच. नवे मॉडेल आले की जुने मागे पडते. त्यात आता आरसा असलेल्या डीएसएलआरचे दिवस सरत आलेत. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये बिनआरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड. सोनी तर त्याआधीपासूनच तिकडे होती. कंपन्यांचा सगळा जोर मिररलेसवर गेल्यामुळे डीएसएलआर बॉडीचे भाव घसरले. घेणाऱ्यासाठी हे चांगलेच आहे. फोटो काही वाईट येत नाहीत, फक्त पुढे विकताना फार काही हाती लागणार नाही, हे धरूनच घ्यायचे.

लेन्सचे गणित वेगळे. चांगली काच दहा वर्षांनीही चांगलीच काच असते. निकॉनची २००-५००, टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० या लेन्स वाघाचे फोटो काढणाऱ्यांना अजूनही लागतात, कारण पाणवठ्याच्या पलीकडे बसलेला वाघ मोबाइलच्या झूममध्ये येत नाही. लग्नवाल्यांना ५० ची प्राइम आणि ७०-२०० लागतेच. कॅननची जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते, म्हणून तिला गिऱ्हाईक आहे. निकॉनमध्ये मात्र सांभाळा. ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या छोट्या बॉडीवर आपोआप फोकस करत नाहीत, एफटीझेड अडॅप्टरवरही नाही. स्वस्तात मिळते म्हणून घेतली आणि वरमाला पडताना हाताने रिंग फिरवत बसले, असे व्हायला नको.

आमचे मत विचाराल तर हातात ४० हजार असतील, तर २५ लेन्सवर घाला आणि १५ बॉडीवर. बहुतेक जण याच्या उलट करतात.

शटर काउंट : गाडीचे किलोमीटर समजा

फोटो काढताना शटरचा पडदा उघडतो आणि बंद होतो. त्याला आयुष्य असते. निकॉन डी ७२०० आणि कॅनन ५डी मार्क ४ यांचे शटर कंपनीने दीड लाख वेळांपर्यंत तपासलेले आहे, निकॉन डी ८५० चे दोन लाखांपर्यंत. साध्या मॉडेलचे साधारण एक लाख धरतात. त्या आकड्यावर कॅमेरा बंदच पडतो असे नाही, पण भाव मात्र पडतो.

आता आपल्याकडचा वापर बघा. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत अडीच हजार फोटो धरले आणि हंगामात चाळीस लग्ने केली, तर एका वर्षातच लाख होतात. सफारीतही तसेच. वाघ दिसला की बोट बटणावरून उठत नाही. सेकंदाला आठ फोटो काढणारा कॅमेरा दोन मिनिटे दाबून धरला, तर हजाराच्या जवळ जातो. त्यामुळे "दोनच वर्षे वापरला" याला अर्थ नाही. पाच वर्षे घरी वापरलेला कॅमेरा दोन वर्षे लग्नात फिरलेल्यापेक्षा ताजा असू शकतो.

आकडा बघायचा कसा? निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच तो लिहिलेला असतो, नेटवरच्या साध्या टूलने दिसतो. पण फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा मागवला, तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा कार्डातून स्वतः घ्या. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोत येत नाही. केबलने कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो. फाइलच्या नावातल्या क्रमांकावर अजिबात जाऊ नका, तो ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतो.

आणखी एक. व्हिडिओ शूटिंग तासन् तास केले, तरी शटर काउंट जवळजवळ वाढत नाही. कॅमेरा शूटिंगवाल्याचा असेल, तर आकडा कमी दिसतो आणि आत मात्र झीज झालेली असते. लेन्सला झाकण लावून एक फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. काळ्यात लाल-निळे-पांढरे ठिपके चमकत असतील, तर सेन्सरचे पिक्सेल खराब आहेत. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा कोऱ्या आभाळाचा फोटो एफ १६ वर काढा. पुसट डाग दिसले तर ती बहुधा धूळ असते, साफ होते. मोहर्ली-कोलाऱ्याच्या धुळीत फिरलेल्या कॅमेऱ्यात ती निघणारच. तेवढ्यावर सौदा मोडू नका, सफाईचे पैसे कमी करून घ्या.

शूटिंगसाठीच घेत असाल, तर फोकस बघा. कॅननच्या २०० डी मध्ये व्हिडिओ चालू असताना माणूस पुढे आला, तर फोकस सोबत येतो. १५०० डी मध्ये ती ड्युअल पिक्सेल सोय नाही. दोन्ही दिसायला सारखेच, पण २०० डी चा भाव जास्त टिकतो तो यामुळे.

बुरशी, आपल्या जिल्ह्यांचा खरा शत्रू

आपल्याकडे कॅमेरा वापराने कमी आणि ठेवण्याने जास्त खराब होतो. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते. जिप्सीच्या सीटवर उन्हात राहिलेल्या बॉडीचे रबर सुटते, बॅटरी फुगते. पण रबर चिकटवता येते, बॅटरी नवी येते. खरा घात पावसाळ्यात होतो. जुलै ते सप्टेंबर कॅमेऱ्याला काम नसते, तो बॅगेत बंद, बॅग कपाटात, कपाट ओलीच्या भिंतीला. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की लेन्सच्या आत बुरशी धरते. तीन महिने न वापरलेली लेन्स ऑक्टोबरमध्ये काढावी, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे.

घेताना हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. लेन्स बॉडीतून काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा, पुढून तिरके बघा, मग उलट करून पुन्हा बघा. एखाददुसरा धुळीचा कण चालतो. धागे, फांद्या, धुकट डाग दिसले की थांबा. कडेला थोडीशी बुरशी असेल तर फोटोत कळणार नाही, पण ती वाढते आणि ओलीत सोबत ठेवलेल्या दुसऱ्या लेन्सलाही धोका असतो. साफ करायला लेन्स उघडावी लागते आणि काचेवरचे कोटिंग बुरशीने खाल्ले असेल, तर ते परत येत नाही. दुरुस्तीला चांगला कारागीर पाहिजे, म्हणजे बहुधा नागपूर. सिरोंचा-भामरागडच्या माणसाला ते जाणे-येणेच महाग पडते आणि पावसात पर्लकोटेला पूर आला तर वाटच बंद. म्हणून बुरशीची लेन्स "साफ करून घेऊ" म्हणून स्वस्तात घेण्यात आम्हाला काही फायदा दिसत नाही.

विकणाऱ्यानेही आतापासून काळजी घेतली तर भाव राहतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढे पुरते. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर तापवा, ती पुन्हा निळी होते. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ती ओल धरते. काही जण तांदळाच्या कोठीत ठेवतात, तेही नको, तांदळाची भुकटी रिंगमध्ये जाते. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून दहा-वीस फोटो काढले, तर आणखी चांगले.

बिल, डबा आणि कॅमेरा कुणाचा

मूळ बिल, वॉरंटी कार्ड, चार्जर, कंपनीची बॅटरी आणि खोका असेल, तर भाव वाढतो. खोक्याला स्वतःची किंमत नाही, पण त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला की माल चोरीचा नाही, असा विश्वास बसतो. बिल भारतातले आहे का, हेही बघा. बाहेरून आणलेल्या मालावर इथली वॉरंटी बरेचदा चालत नाही.

जंगलात झाडाला बांधलेले ट्रॅप कॅमेरे वनविभागाचे असतात, वाघांच्या मोजणीसाठी. असा कॅमेरा कुणी पाचशे-हजाराला द्यायला आला, तर हात लावू नका. चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. साधा कॅमेरा घेतानाही कागदावर दोन ओळी लिहून घ्या : मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स.

खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा घरी पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी चार्ज करून बघा. मोबाइलने त्याचा बाजार संपवला होता, पण आता शहरातली कॉलेजची पोरे त्या जुन्या रंगासाठी तो पुन्हा शोधतात. बॅटरी, चार्जर आणि कार्ड सोबत असले तरच गिऱ्हाईक मिळते. जुन्या प्रकारची कार्डे आता सहज मिळत नाहीत.

विकताना तुमचे कार्ड मात्र देऊ नका. डिलीट केलेले फोटो परत काढता येतात आणि त्यात दुसऱ्यांच्या घरच्या लग्नाचे, लेकीसुनांचे फोटो असतात.

ऑनलाइन जाहिरात टाकली तर "मी फौजेत आहे, पोस्टिंग लांब आहे, पैसे आधी पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" असा फोन येऊ शकतो. हा जुना डाव आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. तसे झालेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, कारण जितक्या लवकर तक्रार जाते तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त असते.