चश्म ते लेझर

‘चष्मा’ हा शब्द फारसीतल्या ‘चश्म’वरून आला, चश्म म्हणजे डोळा. आमच्या परभणीकडे मात्र मुलीचा चष्मा अजूनही स्थळाच्या आड येतो. मग ‘लग्नाआधी लेझर करून टाकू’ असं ठरतं. हे लेझर आलं कुठून?

बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये मांडलं की, डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. तो आतल्या पडद्यावर नीट एकवटला नाही की नंबर लागतो.

मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. १९८१ मध्ये त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर चालवला. आजूबाजूचं न जळता नेमका काप गेला. पुढे याच लेझरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, आकार देऊन नंबर घालवता येऊ लागला.

थेंबांनी डोळा बधिर करतात. काम काही मिनिटांचं. पण वय किमान १८, नंबर स्थिर आणि कॉर्निया पुरेसा जाड हवा. नंतर काही महिने डोळे कोरडे वाटू शकतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. चाळिशीचा वाचायचा चष्मा तर टळतच नाही.

म्हणून आधी तपासणी, मग निर्णय. तोही मुलीचा, पाहुण्यांचा नव्हे.