जंगलातली वाट, सायकलची चाकं आणि आपला औट्रम घाट

गेल्या काही महिन्यांपासून सायकलवाल्या मित्रांमध्ये एकच विषय सुरू आहे. गौताळ्यात माउंटन बाइकसाठी वेगळा ट्रेल व्हावा आणि वनविभागानं परवानगी द्यावी. चिकलठाण्यातून रविवारी पहाटे अंधारात निघायचं, शहर ओलांडायचं, दौलताबाद-खुलताबादचा घाट मारायचा आणि नाश्त्याला परत यायचं, असं वर्षानुवर्षं करणारी पोरं आता डांबराला कंटाळलीत. त्यांना माती पाहिजे. काही जण कन्नडच्या बाजूनं आत घुसून चाकं फिरवूनही आलेत, त्यांचे व्हिडिओ फिरताहेत. दुसरीकडं पक्षी-प्राणीवाले मित्र भडकलेत. ‘अभयारण्य आहे का रेसकोर्स?’ मी दोन्हीकडं चहा पितो, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खातो. म्हटलं, भांडण करायचंच आहे तर आधी थोडा इतिहास बघू. कारण हे भांडण आपल्याकडं नवं असलं तरी जगात पन्नास वर्षं जुनं आहे.

माउंटन बाइक जन्मली ती अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाच्या डोंगराळ भागात. कारखान्यात नाही. तिथल्या काही पोरांनी भंगारातून १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जाडजूड सायकली काढल्या. फुगीर टायर, वजनदार फ्रेम, आणि ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबायचं. त्या घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायचं. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा उतार आणि त्यात सुमारे ४०० मीटरची घसरण. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं ‘रीपॅक’. आपल्या सायकल दुकानाच्या भाषेत सांगायचं तर ओव्हरऑइलिंगचा घाट!

ही पोरं म्हणजे चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ वगैरे. १९७७ मध्ये जो ब्रीझनं याच कामासाठी खास फ्रेम बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराला पदकही मिळालं. वीस वर्षांत भंगारातून ऑलिम्पिक. आपल्याकडंही संगमनेरच्या प्रणिता सोमणनं राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत सुवर्णपदकं घेतलीत, त्यामुळं हा खेळ आता फक्त ‘तिकडचा’ राहिलेला नाही.

पण जिथं हा खेळ जन्मला, तिथंच त्याच्यावर पहिली बंदी आली. त्याच मरीनमध्ये रेडवुडचं जंगल आहे, म्यूर वुड्स. लाकूडतोडीतून वाचलेला तो तुकडा विल्यम केंट नावाच्या माणसानं विकत घेतला, सरकारला देऊन टाकला, आणि ९ जानेवारी १९०८ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. रेडवुडचं मूळचं जंगल आज जेमतेम पाच टक्के उरलंय, हे लक्षात घेतलं म्हणजे तिकडच्या लोकांची धास्ती कळते. म्यूर वुड्सच्या पायवाटांवर सायकल चालत नाही. शेजारच्या टॅमलपायस डोंगरावरही सायकलवाल्यांना रुंद कच्चे रस्ते मोकळे, पण अरुंद पायवाटा जवळपास सगळ्या बंद. पायी चालणारे आणि घोडेस्वार एका बाजूला, सायकलवाले दुसऱ्या बाजूला. वेगमर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर ५ मैल, आणि वनरक्षक रडार गन घेऊन उभे! १९८४ मध्ये तर अमेरिकेच्या वनखात्यानं ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या सगळ्या क्षेत्रांत सायकलला बंदी केली. १९६४ च्या कायद्यात यांत्रिक वाहतूक नको असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ लावून.

आता यातली गंमत बघा. रेडवुड शंभर मीटरच्या वर जातो, पण त्याची मुळं खोल नसतात, तीन-चार मीटरच. आडवी मात्र लांबवर पसरतात. वरची माती तुडवून घट्ट झाली की झाडाला त्रास. हायपेरियन नावाचं जगातलं सगळ्यात उंच झाड २००६ मध्ये सापडलं, उंची सुमारे ११६ मीटर. जागा गुप्त ठेवली होती, पण इंटरनेटच्या जमान्यात गुप्त काय राहतंय? लोक शोधत पोचले. तिथपर्यंत वाट नव्हती, लोकांनी चालून चालून ती पाडली. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद झाला. आत गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. लक्षात घ्या, हे नुकसान सायकलनं केलेलं नाही. पायांनी केलंय. म्हणून ‘पायी चालणारा तेवढा निसर्गप्रेमी आणि सायकलवाला शत्रू’ असं जे आपल्याकडं बोललं जातंय ते मला पटत नाही.

दुसरं उदाहरण त्याच राज्यातलं. सांताक्रूझच्या डोंगरात सॅन व्हिसेंटे रेडवुड्स हे राखीव जंगल डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याआधी २०२० च्या वणव्यात ते होरपळलं होतं. तिथं चालणारे, घोडेवाले, सायकलवाले सगळ्यांना वाटा आहेत, पण आधी नोंदणी करून पास घ्यावा लागतो. म्हणजे बंदी आणि मोकाट यांच्या मध्ये जागा असते. ती शोधायला त्यांना चाळीसेक वर्षं लागली.

आता आपल्या गौताळ्याकडं येऊ.

१९८६ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर, बराचसा भाग कन्नडकडं, उरलेला चाळीसगावकडं असं ढोबळमानानं समजा. पण वाटा त्याच्या कितीतरी आधीच्या. पितळखोऱ्याची लेणी इसवीसनाच्या आधीची आहेत आणि तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यातला एक मितदेव, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातला, राहणार प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! पैठणचा अत्तरवाला या डोंगरात येऊन दान देतो, कारण खानदेशात उतरणारी वाट इथूनच जात होती. पुढं निजामशाहीच्या काळात अंतूर किल्ल्याजवळ कुठला रस्ता कुठं जातो हे फारसीत कोरलेला दगड उभा केला गेला. आजच्या भाषेत साइनबोर्ड. जंगलात साइनबोर्ड लागतो तो वर्दळ असल्याशिवाय नाही.

आणि घाटाचं नाव. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. सातमाळ्याच्या आणि खानदेशच्या डोंगरांतले घाट भिल्ल नाईकांच्या ताब्यात होते, वाटेची राखण त्यांची आणि वाटेचा हक्कही त्यांचा. कंपनीला ते चालेना. १८२५ मध्ये औट्रमनं त्यांच्यातलेच तरुण भरती करून खानदेश भिल्ल कोअर उभी केली. वाटेचे राखणदार सरकारी शिपाई झाले आणि घाटाला साहेबाचं नाव लागलं. राखणदारांचं नाव मात्र कुठल्या फलकावर नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजच्या भांडणात सायकलवाले आणि निसर्गवाले असे दोनच पक्ष बोलताहेत. डोंगराच्या कडेला राहणारा भिल्ल, ठाकर, गुरं घेऊन फिरणारा गुराखी, यांना कुणी विचारलेलं नाही. अभयारण्य झाल्यावर त्याच्या जाण्यायेण्यावर बंधनं आली, आणि शहरातून येणाऱ्या पन्नास हजाराच्या सायकलला खास ट्रेल मिळणार असेल तर त्यानं काय समजायचं? २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचे, फिरस्त्या पशुपालकांचे सामूहिक हक्क लिहिलेत. आधी ते.

कायद्याचंही सांगतो, कारण व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांना ते माहीत नसावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २७ म्हणतं, अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. अपवाद कुणाला? कामावरचा सरकारी नोकर, राहायची परवानगी असलेला, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला, त्यांच्यावर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक रस्त्यानं पलीकडं जाणारा. कलम २८ प्रमाणे पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो. म्हणजे मागायची सोय आहे. न मागता घुसलात तर गुन्हा आहे, आणि ‘आम्ही कचरा तर टाकला नाही’ हा त्याच्यावर बचाव नाही.

नव्या ट्रेलला माझा विरोध आहे, तो सरळ सांगतो. आपला डोंगर बेसॉल्टचा, वर मुरमाचा पातळ थर, आणि सगळा पाऊस चार महिन्यांत. उतारावर मागचं चाक घसरवत ब्रेक मारला की जी खाच पडते, तिचा पहिल्या पावसात ओहोळ होतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, कित्येक गाड्या अडकल्या होत्या, हे विसरलो का आपण? शिवाय बिबट्या आहे, नीलगाय आहे, आणि मार्च २०२१ मध्ये तर टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात आला. त्याच्या वाटेवर आपण आवाज न करणारं, वेगानं येणारं चाक सोडणार. धोका दोघांनाही.

मग पोरांनी कुठं जायचं? माझ्या डोक्यात आहे तो औट्रम घाटच. सोलापूर-धुळे महामार्ग. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं जड वाहनांना या घाटात बंदी केली. बोगद्याची चर्चा तर कित्येक वर्षांची. उद्या बोगदा झाला तर वरच्या जुन्या घाटरस्त्याचं काय करायचं, हे आजपर्यंत कुणी नीट बोललेलं नाही. तो रस्ता आधीच खोदलेला आहे, नवं झाड तोडायचं नाही, नवी माती उकरायची नाही. दिवसा ठरावीक वेळ सायकल आणि पायी, संध्याकाळनंतर फाटक बंद. पासचे पैसे घाटाखालच्या-वरच्या गावांच्या समित्यांना, फाटकावर माणसं त्याच गावांतली. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सायकल भाड्यानं घेऊन आतल्या डांबरी रस्त्यानं कान्हेरीपर्यंत लोक जातात, तसंच काहीसं, फक्त कमी गर्दीचं.

सायकलवाले म्हणतील, भाऊ, पण हे पुन्हा डांबरच झालं. झालं खरं. मातीच पाहिजे तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर गायरानं, गावठाणाच्या टेकड्या, बंद पडलेल्या खदानी आहेत. ग्रामपंचायतीशी बोलून एखादी वाट बांधता येईल, बघायला मी पण येतो.

कन्नड-चाळीसगावकडच्या मित्रांना एक विनंती. घाटरस्ता रुंद होण्याआधीचे फोटो कुणाच्या घरी असतील, किंवा बैलगाडीनं घाट उतरलेलं कुणी आजोबा-आजी अजून सांगू शकत असतील, तर कमेंटमध्ये लिहा. वनविभागाला निवेदन द्यायचं झालं तर ते सोबत जोडता येईल.