गावातील घर विकताना दलाल कसा निवडावा

संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे, अंबाबरवा अभयारण्याजवळचे गाव. अशा गावांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडलेल्या तरुणांचे घर मागे तसेच राहते. आई-वडील गेले की दाराला कुलूप लागते, दोन पावसाळ्यांत मागची भिंत बसते आणि मग एक दिवस फोन येतो, "गिऱ्हाईक आहे, देता का?" फोन करणारा बहुतेक वेळा दलाल असतो. तो तुमचा दलाल की घेणाऱ्याचा, हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न. दोन्हीकडून टक्का घेणार असेल तर तसे त्याने आधी सांगावे.

शहरातील मित्र सांगतात, महारेरात नोंदणी असलेलाच एजंट घ्या. सल्ला चांगला आहे, पण इथे तो पुरत नाही. रेरा कायदा २०१६ चा. त्यातील एजंटच्या नोंदणीची सक्ती बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठी आहे. गावठाणातील जुने घर मालकाने थेट विकताना मधला माणूस त्या सक्तीत येत नाही. म्हणजे तुमच्या दलालाकडे परवाना नसेल, आणि नसला म्हणून तो लबाड ठरत नाही. मात्र त्याच्यावर लक्ष ठेवणारे प्राधिकरणही नाही. राहतो तो १८७२ चा करार कायदा, आणि त्याचा उपयोग तुमच्या हाती कागद असेल तरच.

गावाकडे सर्रास चालणारा सौदा असा: "मला सहा लाख हातात दे, वरचे तुझे." मालकाला वाटते, दलालीची कटकट मिटली. पण त्या क्षणापासून खरा भाव कळण्याचा तुमचा मार्ग बंद होतो. दलाल साडेसात लाखांना विकेल, दीड लाख ठेवेल आणि तुम्हाला सहा मिळाल्याचा आनंद असेल. कधी तो स्वतःच्याच भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे घेतो आणि सहा महिन्यांनी पुढे विकतो. करार कायद्याच्या कलम २१५ आणि २१६ मध्ये याचे उत्तर आहे. मालकाला न कळवता दलालाने स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातील नफा मालक मागू शकतो, आणि दलालाने महत्त्वाची गोष्ट लपवली असेल तर व्यवहार नाकारूही शकतो. पण "वरचे तुझे" असे तुम्हीच म्हणाला असाल तर काय मागणार? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: दलाली टक्क्यातच ठरवा, ती खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच द्या, आणि घेणाऱ्याचे नाव व त्याने देऊ केलेला आकडा दलालाने तुम्हाला कळवलाच पाहिजे असे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुदतही लिहा, तीन किंवा चार महिने. या कागदाला जो नाही म्हणेल, त्याला तुम्हीही नाही म्हणा.

आता भाव. आपल्या वस्तीतील घर म्हटले की काही दलाल आधीच तोंड वाकडे करतात. "तिकडचं कोण घेणार?" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. त्याच्याशी वाद घालत बसू नका, आकडे काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, पाहता येतो. त्यातील दर जागेचा असतो, शेजाऱ्यांच्या जातीचा नसतो. तिथेच सूची क्रमांक २ मध्ये गावात आधी नोंदलेल्या खरेदीखतांच्या किमती शोधता येतात. हे दोन आकडे हातात घेऊन दलालाला विचारा, तू कोणता भाव धरतोस आणि का. जो कारण सांगू शकतो तो कामाचा. त्याने आधी ज्यांची घरे विकली अशा दोन मालकांशी बोलून घ्या. ते नातेवाईक नसावेत.

कागद मात्र दलालाच्या आधी तुम्ही पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जातात. तुमच्या घराची निघाली का, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. जातीवाचक वस्त्यांची नावे बदलून समता नगर, भीम नगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्यामुळे एका कागदावर जुने आणि दुसऱ्यावर नवे नाव असू शकते. चतुःसीमा दोन्हींत जुळते का, ते पाहून घ्या. घर रमाई आवास किंवा दुसऱ्या घरकुल योजनेतील असेल तर विक्रीच्या अटी पंचायत समितीत विचारा. जागा शासनाने दिलेली, भोगवटादार वर्ग २ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय इसार घेऊच नका.

आणि बहिणी. "त्यांच्या सह्या कशाला, लग्न झालंय त्यांचं," असे सुचवणारा दलाल तिथल्या तिथे बाद करावा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. वडिलोपार्जित घरात मुलीला जन्मापासून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. बहिणीला डावलून केलेली विक्री पुढे कोर्टात अडकते. शिवाय तो आपल्याच घरातला अन्याय.

पुण्याहून येणे जमत नाही म्हणून दलालाच्या नावे मुखत्यारपत्र करणारेही आहेत. ते करू नका; करायचेच तर घरातील विश्वासाच्या माणसाच्या नावे, याच एका घरापुरते आणि नोंदणीकृत. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे, पण त्या कागदाच्या जोरावर उभी राहिलेली भांडणे निस्तरायला वर्षे लागतात.

इसाराचे पैसे दलालाच्या खात्यात नव्हे, तुमच्या खात्यात यावेत. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. दुय्यम निबंधकासमोर सही करण्याआधी राहिलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहा. त्यानंतर ग्रामपंचायतीत नाव बदलणे, विजेचे मीटर घेणाऱ्याच्या नावे करणे आणि थकीत घरपट्टीची पावती ही कामे कोण करणार, तेही पहिल्याच कागदावर लिहिलेले असू द्या. दलाल "करतो ना" म्हणतात, आणि दोन वर्षांनी पाणीपट्टीची नोटीस तुमच्याच नावाने येते.