‘विश’ची किंमत: एका मंत्राने गेम डिझायनर्सना 40 वर्षं कसं पळवलं

ऐकायला वेळ नाही पण बसमध्ये वाचायला आहे, अशांसाठी हा भाग लिहून.

आमच्या टेबलावर दोन वर्षं चाललेली गोष्ट मध्यंतरी एका वाक्यात संपणार होती. जादूगार खेळणाऱ्या मित्राने ‘विश’ टाकला आणि म्हणाला, “हा राजा कधी जन्मलाच नव्हता, असं होऊ दे.” डंजन मास्टर गप्प. आम्ही बाकीचे चौघं दोन वर्षं ज्या राजाच्या मागे होतो, तो गेला? मग आम्ही इथे बसलोय कशाला?

हे भांडण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’इतकंच जुनं आहे. त्याचं मूळ 1971च्या ‘चेनमेल’ नावाच्या युद्धखेळात सापडतं. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा हा खेळ. त्यात जादूगार म्हणजे जवळजवळ तोफखाना. त्याचा आगीचा गोळा मोठ्या गोफणयंत्राइतकी जागा उडवायचा. शेकडो सैनिकांच्या खेळात एक तोफ चालून जाते हो. पण 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डी अँड डी’ काढला, तेव्हा ती तोफ चार-पाच जणांच्या टोळीत येऊन बसली.

त्या पहिल्या डब्यात मंत्र सहाव्या लेव्हलपर्यंतच होते. इच्छा पुरवणारी अंगठी मात्र होती, आणि सोबत रेफरीला सल्ला: इच्छांना आवर घाला, नाहीतर खेळाचा तोल जाईल. कोणी आणखी इच्छा मागितल्या तर? त्याला काळाच्या चक्रात अडकवा, अंगठी मिळाली त्याच क्षणी परत पाठवा! 1975च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत सात ते नऊ लेव्हलचे मंत्र आले आणि ‘विश’ नवव्या लेव्हलला जाऊन बसला.

1978च्या पुस्तकात इच्छा शब्दशः पाळायची मुभा रेफरीला होती. शत्रू मेलेला हवाय? ठीक, तुलाच भविष्यात नेतो, जिथे तो मेलेला आहे. बाकीचे मागेच राहिले! आपल्याला हे नवीन नाही. हिरण्यकश्यपूने दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-प्राणी असं सगळं वकिलासारखं बांधून घेतलं होतं, तरी उंबरठा राहिलाच. फक्त तिथे रेफरी देव होता. इथे तो तुमचाच मित्र असतो, आणि दर वेळी शब्दात पकडायला लागला की मैत्रीवर येतं.

म्हणून हळूहळू किंमत कागदावर आली. 1978 मध्येच अशक्तपणा आणि 2 ते 8 दिवस अंथरूण होतं. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत वय 5 वर्षांनी वाढायचं. माणसाला ते लागतं, पण शेकडो वर्षं जगणाऱ्या एल्फला काय फरक पडतो? 2000च्या तिसऱ्या आवृत्तीने थेट अनुभवगुण कापले, 5,000. सतराव्या लेव्हलवरून अठराव्यावर जायला 17,000 लागायचे, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमाई गेली. मला ही सगळ्यात रुक्ष किंमत वाटते. इच्छा मागताना माणूस हिशेबाची वही काढतो!

2008च्या चौथ्या आवृत्तीने प्रश्नच मिटवला. योद्धा असो की जादूगार, सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात, आणि खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात ‘विश’ नाहीच. तोल उत्तम साधला. पण बऱ्याच जणांना त्यात जादूच उरली नाही असं वाटलं. 2009 मध्ये जुन्या नियमांवरचा ‘पाथफाइंडर’ आला, तिकडे अनेक जण गेले. त्यात ‘विश’ होता, 25,000 सुवर्णमुद्रांचा हिरा जाळून.

2014 मध्ये पाचव्या आवृत्तीने मंत्र परत आणला. आठव्या लेव्हलपर्यंतच्या एखाद्या मंत्राची नक्कल केली, तर काही त्रास नाही. त्यापलीकडे काही मागितलंत, तर ताकद काही दिवस 3 वर येते, आणि 33 टक्के शक्यता अशी की पुन्हा आयुष्यात ‘विश’ टाकता येणार नाही. लोकांनी यातही पळवाट काढली. ‘सिम्युलॅक्रम’ने स्वतःची बर्फाची प्रतिकृती बनवायची आणि इच्छा तिला मागायला लावायची, म्हणजे धोका तिच्या डोक्यावर.

आमच्या मित्राकडे प्रतिकृती नव्हती. मास्टरने शेवटी मान डोलावली. राजा जन्मलाच नव्हता. गादीवर त्याचा धाकटा भाऊ होता, आणि आमच्यावर त्याचा जुना राग होता. मग शंभराचे फासे पडले: 21. जादूगार अजून आमच्यासोबत आहे. ‘विश’ सोडून सगळं येतं त्याला.