कबुलीकरार आणि साक्षीपुरावा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शिक्षेत सवलत मिळवून एखाद्या आरोपीने दिलेली कबुली त्याच्या साथीदारांविरुद्ध कितपत ग्राह्य धरावी, हा फौजदारी न्यायव्यवस्थेतील जुना प्रश्न आहे. कटाची माहिती बहुधा कटात सामील असणाऱ्यांनाच असते. त्यामुळे अशी साक्ष टाळता येत नाही. मात्र ती सवलतीच्या मोबदल्यात मिळालेली असल्याने तिच्यावर निर्धास्तपणे विसंबताही येत नाही. प्रस्तुत लेखात दोन खटल्यांच्या आधारे या पेचाचा विचार केला आहे.

माफीच्या साक्षीदाराची परंपरा

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम १३३ नुसार, सहअपराध्याच्या साक्षीला दुजोरा नाही एवढ्याच कारणावरून दोषसिद्धी बेकायदेशीर ठरत नव्हती. याउलट कलम ११४ खालील एका दृष्टांतानुसार, महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळाल्याखेरीज असा साक्षीदार अविश्वसनीय आहे, असे न्यायालयाला गृहीत धरता येत असे. न्यायालयांनी व्यवहारात दुजोऱ्याचा आग्रह धरला. महात्मा गांधी खून खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यायाधीश आत्माचरण यांनी सात आरोपींना दोषी ठरवले, परंतु वि. दा. सावरकरांविरुद्धच्या बडगेच्या कथनाला स्वतंत्र दुजोरा नसल्याने त्यांना निर्दोष सोडले. साक्षीदार एकच असला तरी दुजोऱ्याची कसोटी प्रत्येक आरोपीपुरती वेगळी लावावी लागते, हे या निकालातून दिसते.

हेडलीचा करार

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यासंदर्भात डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागो येथील न्यायालयात बारा आरोपांची कबुली दिली. त्याच्या करारानुसार मृत्युदंड टळला, भारताकडे प्रत्यार्पणही टळले. मात्र परदेशी खटल्यांत साक्ष देण्याचे बंधन त्याच्यावर आले. अमेरिकेतील प्रघातानुसार साथीदाराचा कबुलीकरार हा दुसऱ्या आरोपीच्या दोषाचा पुरावा मानला जात नाही. साक्षीदाराची विश्वासार्हता तोलण्यासाठी तो ज्यूरीपुढे येतो. तहव्वूर राणा खटल्यात हेडली प्रमुख साक्षीदार होता. जून २०११ मध्ये ज्यूरीने राणाला लष्कर-ए-तोयबाला साहाय्य आणि डेन्मार्कमधील कट या आरोपांत दोषी ठरवले, तर मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले.

हेडलीला २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेतील करार भारतीय न्यायालयात पुरेसा नव्हता. म्हणून १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला सशर्त माफी दिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याची साक्ष नोंदवली.

भारतीय कायद्यातील मर्यादा

२००५ च्या दुरुस्तीने भारतात 'प्ली बार्गेनिंग' आले आणि २००६ मध्ये ते अमलात आले. तथापि कलम २६५-ट नुसार त्या प्रक्रियेतील आरोपीचे निवेदन अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी वापरण्यास मनाई होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्येही ही मनाई कायम आहे. तडजोड करणाऱ्याचे शब्द पुढे त्याच्यावरच उलटू नयेत, हा तिचा परिणाम आहे. साथीदारांविरुद्ध साक्ष मिळवण्याचा मार्ग मात्र माफीचाच राहिला.

निष्कर्ष

करारामुळे आरोपी का बोलतो याचे उत्तर मिळते; तो खरे बोलतो याची हमी मिळत नाही. म्हणून करार उघड करणे आणि प्रत्येक आरोपीबाबत स्वतंत्र दुजोरा शोधणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. यांपैकी एकही सुटली, तर एकाला मिळालेल्या सवलतीची किंमत दुसऱ्याला आपल्या स्वातंत्र्याने मोजावी लागण्याचा धोका उरतो.