फाट्यावरची पंगत

आमच्या गावात पहिली मोटारसायकल आली ती १९७४ च्या उन्हाळ्यात, आणि ती आमच्याच घरी आली. आमचं गाव जिंतूर–परभणी रस्त्यावर बोरीच्या जवळ, पण फाट्यापासून चार किलोमीटर आत. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सुकडीची आणि लाल मिलो ज्वारीची चव लोकांच्या तोंडातून अजून गेली नव्हती. त्यातच कापसाच्या पट्टीत थोडं कर्ज घालून आबांनी राजदूत घेतली, तेव्हा आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "बैलं घ्यायची सोडून लोखंड आणलं," एवढंच ती भिंतीकडं बघून म्हणायची.

राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. मूळ नमुना पोलंडचा, आपल्याकडं ती १९६२ पासून निघत होती. म्हणायचे एकशेपंचाहत्तर, इंजिन मात्र १७३ सीसीचं. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून टाकायचं, त्यामुळं मागं निळा धूर निघायचा आणि प्लगवर काजळी धरायची. 'बॉबी' सिनेमा १९७३ ला आला आणि त्यातली छोटी राजदूत पोरांच्या डोक्यात बसली, पण खेड्यातली राजदूत ही अशी दणकट, दुधाच्या कॅनी अन् खताच्या गोण्या वाहणारी. बुलेट मद्रासची. ती आमच्याकडं फक्त फौजदाराच्या बुडाखाली दिसायची. आणि येझदी म्हैसूरची. आधी तिला जावा म्हणत, त्र्याहत्तरपासून येझदी. तिचा किक आणि गिअर एकाच दांड्यावर. हे बघायलाच आम्ही पोरं शेजारच्या गावच्या गुरुजींच्या गाडीभोवती जमायचो.

गुरुजी बौद्धवाड्यातले. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी जुनी येझदी घेतली होती. तिसरे जिंतूरचे मिस्त्री. त्यांना सगळे भाईच म्हणत. गाडी त्यांचीही राजदूतच, पण चार गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली. हे तिघं मित्र कसे झाले, हे सांगायचं तर आधी आमच्या मातीचं सांगावं लागेल.

परभणीची माती काळी, कसदार आणि चिकट. पाऊस पडला की ती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डात जाते, आणि शंभर पावलांत चाक असं आवळून टाकते की इंजिन चालू असून गाडी जाग्यावर. मग उतरायचं, बाभळीची काडी घ्यायची आणि माती कोरून काढायची. एकट्या माणसाचं हे काम नाही. एकानं गाडी आडवी धरायची, दुसऱ्यानं कोरायचं, तिसऱ्यानं ढकलायचं. म्हणून पावसाळ्यात हे तिघं ठरवून एका वेळेला फाट्यावर यायचे. आबा बियाणाला नाहीतर बाजाराला निघालेले, गुरुजी पंचायत समितीत कागद द्यायला, भाई सुटे भाग आणायला. एकाकडं पाना, एकाकडं जास्तीचा प्लग, एकाकडं पंक्चरचं सुलेशन. चिखलातून निघेपर्यंत दुपार व्हायची. मग फाट्यावरच्या लिंबाखाली डबे सुटायचे.

मी टाकीवर बसून जायचो, म्हणून ते जेवण मला ठाऊक आहे. आमच्याकडची ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि वांग्याचं कालवण. भाईंच्या डब्यात खट्टी दाल. आबांच्या गळ्यात माळ, म्हणून भाई त्या दिवशी घरून मटण आणायचे नाहीत. गुरुजींच्या घरची येसराची आमटी. धान्यं, डाळ, धने, मिरच्या भाजून दळलेलं येसर घरात असलं की भाजी नसली तरी चालतं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात चार चमचे सोडले की कालवण तयार. दुष्काळात त्याच येसरानं घर तगवलं, असं गुरुजी सांगायचे. अंबाडीची भाजी मात्र तिघांच्याही घरून यायची आणि तीन चवींची असायची. आमची तुरीची डाळ घातलेली अन् वरून करडीच्या तेलात लसूण तळून ओतलेली, गुरुजींची ज्वारीच्या कण्या घातलेली, भाईंची हिरव्या मिरचीची. "सालन हमारा, रोटी तुमारी," असं म्हणत भाई डबा मधे सरकवायचे. तिघांचे हात तिन्ही डब्यांत. माझाही.

फाट्यावरच्या हॉटेलात तेव्हा बौद्धवाड्यातल्या माणसांची कपबशी वेगळी होती. ती बाहेर खांबाजवळ असायची, ज्यानं प्याली त्यानंच धुवायची. गुरुजी तिथं चहा घेत नसत. ते घेत नाहीत म्हणून आबा आणि भाईही घेत नसत. याचा मला फार अभिमान होता.

पण आमच्या घराची गोष्ट निराळी होती. गुरुजी घरी आले की ओसरीत बसायचे. ओसरीच्या भिंतीत एक देवळी होती, तिच्यात एक निळ्या काठाची कपबशी. गुरुजींना चहा त्यातूनच. लिंबाखालून आलेला आबांचा डबा आजी घरात घेत नसे. आधी अंगणात राखेनं घासायची, मग चुलीतला इंगळ त्यात फिरवायची. मी एकदा विचारलं, "कामून गं?" ती म्हणाली, "रस्त्यावरचं असतंय." आबा तिथंच होते. ते काही बोलले नाहीत.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात काय झालं ते आता इतिहासात आहे. घरं जळाली, माणसं मेली, कित्येक गावांत बौद्धवाड्यांवर बहिष्कार पडला. आमच्या दोन गावांत आग लागली नाही. पण किराणा बंद झाला, रोजगार बंद झाला. आणि एका रात्री गुरुजींच्या येझदीच्या टाकीत कुणीतरी माती घातली.

माती कुणी घातली हे गावाला माहीत होतं. आबांनाही माहीत असावं. भाई जिंतूरहून आले, टाकी उतरवली, कार्बोरेटर खोलून धुतला, दिवसभर बसून गाडी चालू केली आणि पैसे घेतले नाहीत. आबा गेले नाहीत. मी म्हटलं, "आबा, गुरुजी दिसंनात." ते म्हणाले, "पाऊस हाय लेका." त्या आठवड्यात पाऊस नव्हता. मी बारा वर्षांचा होतो, एवढं मला कळत होतं.

दसऱ्यानंतर तिघं पुन्हा फाट्यावर भेटले. डबे सुटले. गुरुजींनी आपला डबा मधे ठेवला नाही. मांडीवर घेतला आणि खायला लागले. आबांनी त्यांच्याकडं भाकरी केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाटील, माझी आमटी तुमाला लिंबाखाली चालती. तुमच्या घरी माझी कपबशी देवळीत. मग टाकीत माती घालणाऱ्यात अन् तुमच्यात फरक किती धरावा, तेवढं सांगा."

आबांनी सांगितलं नाही. भाई म्हणाले, "खाव ना भाई, ठंडा होरा सालन." कुणी खाल्लं नाही. घरी येताना आबांनी डबा तसाच आणला. आजीनं तो राखेनं घासला.

त्यानंतरही चिखलात गाडी अडकली की तिघं एकमेकांची गाडी काढत. काढावीच लागे, माती सोडत नव्हती. पण जेवण आपापलं. पुढं रस्त्यावर मुरूम पडला, मग खडी. १९८५ ला हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट संपली, आणि गावात दहा गाड्या झाल्या. कुणाला कुणाची गरज राहिली नाही. आबांनी राजदूत विकली नाही, एवढंच.

आजी १९८८ ला वारली. तिच्या माघारी मला वाटलं, आता देवळी मोकळी होईल. झाली नाही. कपबशी आजीची नव्हती, आमच्या घराची होती, हे मला तेव्हा कळलं. आबांनाही कदाचित तेव्हाच कळलं असावं. तोपर्यंत आम्ही सगळ्यांनी ती म्हातारीच्या नावावर खपवली होती.

१४ जानेवारी १९९४, संक्रांत. विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सोळा वर्षं त्यात गेली होती. संध्याकाळी आबा मला म्हणाले, "गाडी काढ." आईनं सवयीनं तीळ लावलेल्या भाकरी अन् आदल्या दिवशीची भोगीची भाजी डब्यात भरायला घेतली. आबा म्हणाले, "डबा नको. न्यायचं न्हाई काई. आज खायला चाललो."

बौद्धवाड्यात निळे झेंडे होते, पेढे वाटणं चाललं होतं. आम्हाला बघून गलका थोडा थांबला. गुरुजी बाहेर आले. बाईंना काय करावं कळेना. म्हणाल्या, "भाजी न्हाई हो घरात, येसर हाय नुसतं." आबा म्हणाले, "त्येच पायजे." आणि ओसरीत न थांबता आत चुलीपुढं जाऊन बसले. भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, पुन्हा मागितली. सोळा वर्षांबद्दल कुणी काही बोललं नाही. हात धुताना गुरुजींनी विचारलं, "अन् आमी कवा यायचं?" आबा म्हणाले, "उद्या या. दोघंबी या."

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी नवं काही सुरू करीत नाहीत, पण दोघं आले आणि आईनं त्यांना आत बसवलं. पोळी, कढी, वांग्याचं कालवण. भाईही होते, ते मात्र बोलावल्याशिवायच आले होते. जेवण झाल्यावर आईनं देवळीतली निळ्या काठाची कपबशी काढली, घासली आणि त्यात चहा आबांना दिला. आबा तिच्याकडं बघत राहिले. मग प्याले. पुढं मरेपर्यंत त्यांचा चहा त्यातच असे.

आता आबा नाहीत, गुरुजी नाहीत, भाईंचं दुकान त्यांचा मुलगा बघतो. रस्ता सिमेंटचा झाला. माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त बुलेटवर येलदरीच्या धरणावर जातात, धाब्यावर जेवतात, फोटो काढतात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना म्हणालो, घरून कालवण न्या की रे, ज्याच्या त्याच्या घरचं. हसले, पण नेलं. त्यांच्यात गुरुजींचा नातूही असतो. सकाळी तो येतो, गाडी बाहेर लावतो आणि ओसरीत उभा राहून पुतण्याला हाक मारतो. पोरगं शिकलेलं, पुण्यात नोकरीला, तरी कुणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्याला ते कुणी शिकवलं, हे मी विचारू शकत नाही.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. पण येझदीचा नाही अन् राजदूतचा नाही असा तो आवाज तिला ओळखू येतो. चुलीपासूनच ती ओरडते, "भाईर कामून थांबलास रे? डबा तुज्या हातानं भरून घे, ये आत."