अंतरिम आदेश (घटस्फोट दावा)
घटस्फोटाचा वाद प्रलंबित असताना न्यायालय करून देते ती तात्पुरती सोय. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ खाली पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेली पत्नी, किंवा पतीही, पोटगी व दावाखर्च मागू शकतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय अपेक्षित. मुलांचा ताबा कलम २६ खाली. मालवण किनाऱ्यावर खरी अडचण उत्पन्न सिद्ध करण्याची: ट्रॉलरमधला वाटा, न्याहारी-निवासाची रोख कमाई, हापूसचा हंगाम यांचे पगारपत्रक नसते, पावसाळी मासेमारीबंदीत तर हात रिकामे दाखवणे सोपेच. नागपूरहून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता-उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. अंतरिम आदेशांवर कलम २८ खाली अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिकेसाठी सिंधुदुर्गवासीयांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे.